स्वतःचं वेब फ्रेमवर्क लिहावं की तयार घ्यावं? पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी

२०११ साली मी पीएचपी या भाषेत स्वतःचं फ्रेमवर्क लिहिलं, म्हणजे प्रत्येक वेबसाइटला लागणाऱ्या त्याच त्या कोडचा तयार सांगाडा. नाव ठेवलं 'झटपट'. एक इंडेक्स फाइल, दहा-बारा क्लास, आणि 'आता कुठलीही वेबसाइट दोन दिवसांत' असा माज. त्यावर सहा कामं उभी केली: एका मंगल कार्यालयाचं बुकिंग, दोन शिकवणी-क्लासेसची फी, बाकी किरकोळ.

२०१९ च्या जानेवारीत होस्टिंगवाल्यांनी (साइट ज्यांच्या सर्व्हरवर चालतात त्यांनी) पीएचपी ५ बंद करून ७ चालू केलं. सकाळी सव्वानऊला कार्यालयाच्या मालकांचा फोन आला. "साहेब, नुसता पांढरा पडदा दिसतोय, आणि समोर पार्टी बसलीय." माझा सगळा डेटाबेसचा कोड 'मायएसक्यूएल_' ने सुरू होणाऱ्या जुन्या फंक्शनांवर चालत होता. ती फंक्शनं जाणार, हे पीएचपी २०१३ पासून, ५.५ या आवृत्तीपासून सांगत होतं. मी त्या सूचना पडद्यावर दिसू नयेत म्हणून दाबून ठेवल्या होत्या. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० मधून ती काढूनच टाकली. सहाही साइट एकाच फ्रेमवर्कवर असल्यामुळे सहाही एकाच सकाळी झोपल्या.

हा लेख त्या सकाळीतून आला आहे. माझं मत आधीच सांगतो: स्वतःचं फ्रेमवर्क एकदा जरूर लिहा, पण ते दुसऱ्याच्या धंद्याखाली घालू नका. ते कसं करायचं, ते पुढे टप्प्याटप्प्याने.

१. आधी एक ओळखीचं काम हातात घ्या

फ्रेमवर्कपासून सुरुवात करू नका, कामापासून करा. तुम्हाला आतून माहीत असलेलं एखादं छोटं काम निवडा: सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या, वाचनालयाची देवघेव, क्लासची हजेरी. मी इथे मंगल कार्यालयाचं बुकिंग धरतो, कारण त्याचे चटके मला पाठ आहेत.

कागदावर लिहा: पडदे (स्क्रीन) किती, कोण काय बघणार, पावती कशी दिसणार, चुकलं तर दुरुस्ती कोण करणार. माझ्या कार्यालयाचे अकरा पडदे निघाले होते. त्यातल्या आठांची जात एकच होती: यादी, शोध, नवीन नोंद, बदल. हेच ते पुन्हा पुन्हा करायचं काम. 'रॅपिड' म्हणवणारं फ्रेमवर्क तुमचं हेच काम वाचवतं. उरलेल्या तीन पडद्यांत तुमचा खरा धंदा असतो, आणि ते तुम्हालाच लिहावे लागतात.

सोबत लागणारं सामान:
- गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), आणि रोज कमिट, म्हणजे त्यात नोंद, करायची सवय
- भाषेनुसार पॅकेज (इतरांनी लिहिलेला तयार कोड) बसवणारं साधन (पीएचपीसाठी कंपोझर, पायथनसाठी पिप आणि प्रत्येक प्रकल्पाला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजं ठेवायची वेगळी जागा)
- स्वतःच्या मशीनवर एक डेटाबेस: मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस
- लाइव्ह सर्व्हरवर असलेलीच आवृत्ती तुमच्या मशीनवरही (हे नवखे हमखास विसरतात)
- खऱ्यासारखा दिसणारा खोटा डेटा, किमान दोनशे नोंदी, आणि तो मराठीत

२. एका क्लिकच्या मागे चालत जा

कारकुनाने 'बुक करा' दाबलं. पुढे काय होतं? पत्ता बघून कुठला कोड चालवायचा ते ठरतं, हे राउटिंग. हा माणूस कोण, याला परवानगी आहे का, हे सेशन आणि ऑथेंटिकेशन. भरलेला फॉर्म बरोबर आहे का, हे व्हॅलिडेशन. मग नोंद टेबलात जाते, आणि टेम्प्लेटमधून पान तयार होऊन परत येतं. मध्ये काही फाटलं तर लॉगमध्ये ओळ पडते. इतकंच.

यात एक गोष्ट नवख्यांना दिसत नाही, आणि मलाही सात वर्षं दिसली नाही: मायग्रेशन. टेबलाची रचना बदलली, तर तो बदल कोडसारखाच फाइलमध्ये लिहून ठेवायचा आणि प्रत्येक सर्व्हरवर त्याच क्रमाने चालवायचा, ही ती सोय. 'झटपट'मध्ये ती नव्हती. मी पीएचपीमायॲडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) उघडून हाताने कॉलम वाढवायचो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा पावतीच्या टेबलात सीजीएसटी आणि एसजीएसटीचे कॉलम घालायची वेळ आली. सहा ठिकाणी सहा तऱ्हेची टेबलं निघाली. एकीकडे 'रक्कम' पूर्णांकात, दुसरीकडे दशांशात, तिसरीकडे चक्क मजकूर म्हणून साठवलेली. ३० जूनची रात्र आणि पुढचे दोन दिवस त्यातच गेले. आज कोणी मला नवं फ्रेमवर्क दाखवलं, तर मी आधी त्याचं मायग्रेशन बघतो.

३. एक रविवार द्या, आणि स्वतःचं लिहा

हो, लिहाच. राउटर, साधं टेम्प्लेट, डेटाबेसशी बोलणारा एक क्लास, लॉगिन. चार-पाचशे ओळींत होतं. हे केल्यावर जॅंगो (पायथनमधलं) किंवा लाराव्हेल (पीएचपीमधलं) या तयार फ्रेमवर्कची कागदपत्रं वाचताना 'ही जादू कुठून आली' असं वाटत नाही. मिडलवेअर (मागणी आल्यापासून उत्तर जाईपर्यंत मध्ये चालणारा कोड) म्हणजे काय, हे मला दहा लेख वाचून कळलं नव्हतं. एका पाठोपाठ एक चालणाऱ्या तीन फंक्शनांची रांग स्वतः लिहिली, तेव्हा कळलं.

फक्त तीन बंधनं घाला. नाव ठेवू नका. नाव ठेवलं की माया जडते, मग आपला तो बाब्या होतो आणि त्याच्या खोड्या दिसेनाशा होतात. कोणाला विकू नका. आणि रविवार संपला की थांबा.

४. सोमवारी सकाळी उरलेली यादी लिहा

रविवारी लिहिलेलं चालतं, म्हणजे तुम्ही स्वतः सरळ वागलात तेव्हा चालतं. आता वाकडं वागून बघा.

शोधाच्या चौकटीत एक अवतरणचिन्ह टाका. पान फुटलं, तर तुमचा एसक्यूएल (डेटाबेसला दिलेली आज्ञा) उघडा आहे, म्हणजे बाहेरचा माणूस त्यात स्वतःची आज्ञा घुसवू शकतो. नावाच्या जागी स्क्रिप्टचा टॅग लिहा. तो यादीच्या पानावर चालला, तर उद्या कोणीही तुमच्या कारकुनाचं सेशन पळवू शकतो. दुसऱ्याच एका पानावरून तुमच्या 'बुकिंग रद्द करा' या पत्त्यावर फॉर्म पाठवून बघा. बुकिंग रद्द झालं, तर सीएसआरएफचं टोकन, म्हणजे फॉर्म तुमच्याच पानावरून आला याची गुप्त खूण, नाही. लॉगिन झाल्यावर सेशनचा क्रमांक बदलतो का ते बघा. फोटोच्या जागी पीएचपीची फाइल चढते का, तेही बघा.

आणि पासवर्ड. मी एमडी५ हॅशमध्ये (हॅश म्हणजे मजकुरावरून काढलेला, उलटा न फिरवता येणारा ठसा) ठेवायचो आणि त्याला 'एन्क्रिप्टेड' म्हणायचो! एमडी५ इतकं वेगाने चालतं की साध्या मशीनवरही लाखो पासवर्ड भराभर तपासून बघता येतात, आणि पासवर्डसाठी तोच दोष आहे. पीएचपीत ५.५ पासून पासवर्ड हॅश करण्याचं खास फंक्शन आहे. जॅंगो पीबीकेडीएफ२ ही मुद्दाम सावकाश चालणारी पद्धत वापरतो आणि त्यातल्या फेऱ्या प्रत्येक नव्या आवृत्तीत वाढवतो. जुना वापरकर्ता लॉगिन झाला की त्याचा हॅश आपोआप नव्या ताकदीचा होतो. असली बारीक सोय मला रविवारीच काय, वर्षभरात सुचली नसती.

तयार फ्रेमवर्कला भोकं पडत नाहीत असं नाही. जानेवारी २०१३ मध्ये रेल्स या रूबी भाषेतल्या फ्रेमवर्कमध्ये असं भोक सापडलं की बाहेरून पाठवलेल्या मजकुरातून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. पण ते सापडलं, जाहीर झालं, दुरुस्ती आली आणि जगभरातल्या लोकांनी ती धावत बसवली. 'झटपट'मधलं भोक कोण जाहीर करणार होतं?

इथे एक सापळा उलट बाजूचाही आहे. मे महिन्यातल्या एका मुहूर्ताला आमच्याकडे एकाच हॉलच्या दोन पावत्या फाटल्या. काउंटरवर कारकून आणि घरून मोबाइलवर मालक, दोघांनी एकाच मिनिटात तारीख बघितली, दोघांनाही 'मोकळी' दिसली, दोघांनीही बुक केली. माझा कोड आधी विचारायचा आणि मग लिहायचा, आणि त्या दोन्हींच्या मधल्या फटीत दोन लग्नं शिरली. हे जगातलं कुठलंही फ्रेमवर्क तुमच्यासाठी ओळखणार नाही. हॉल, तारीख आणि सत्र या तिन्हींवर मिळून डेटाबेसमध्येच युनिक बंधन (तीच जुळणी दुसऱ्यांदा घेऊ नये असं) घालावं लागतं. फ्रेमवर्कमुळे ते एका ओळीत लिहिता येतं, पण ती ओळ तुम्हालाच सुचावी लागते.

५. मराठीची कसोटी लावा

हे इंग्रजी मार्गदर्शकांत मिळणार नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो. स्वतःचं असो की तयार, या चार परीक्षा घ्याच.

आकडे. कारकुनाने मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून ॲडव्हान्स '५०००' असा देवनागरीत टाइप केला. पीएचपीने त्याचा पूर्णांक केला तो शून्य, आणि पावतीवरही शून्यच छापलं गेलं. पायथन मात्र देवनागरी अंक समजून घेतं आणि नीट पाच हजार देतं. पीएचपीत काम असेल, तर फॉर्म आत येतानाच देवनागरी अंक बदलून घ्या.

कऱ्हाड. हे नाव दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात ऱ हे अक्षर असतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे चिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (सारख्या अक्षरांना एका रूपात आणणं) करूनही ते एक होत नाहीत. मग 'कऱ्हाडची पार्टी' शोधली की निम्म्या नोंदी गायब. नोंद साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी एकाच रूपात आणणारं छोटं फंक्शन लिहा.

इमोजी. मायएसक्यूएलचं जुनं 'यूटीएफ८' एका अक्षराला तीनच बाइट देतं. देवनागरी त्यात मावते, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. अभिप्रायात कोणी हात जोडले की चार बाइट लागतात, आणि एक तर एरर येते किंवा पुढचं वाक्य तुटतं. पहिल्या दिवसापासून 'यूटीएफ८एमबी४' ठेवा.

पत्ते. जॅंगोच्या स्लग (शीर्षकावरून पानाच्या पत्त्यातला तुकडा) करणाऱ्या फंक्शनला 'मराठी' दिलं, तर उत्तर रिकामं येतं. युनिकोड चालू दे असं सांगितलं, तर 'मरठ' येतं, कारण पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला (मजकुरातले नमुने शोधायच्या सोयीला) काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं वाटतच नाहीत. मी तर म्हणतो पत्त्यात मराठी नकोच. ब्राउझरमधून कॉपी केल्यावर देवनागरीचं एक चिन्ह टक्क्यांसकट नऊ अक्षरांचं होतं आणि व्हॉट्सॲपवर तो शेपटासारखा लोंबतो. क्रमांक किंवा रोमन रूप वापरा.

बघा, इथे तयार फ्रेमवर्कही कमी पडलं. पण त्यावर दहा ओळींचं फंक्शन पुरतं, अख्खं नवं फ्रेमवर्क लागत नाही.

६. तयार निवडताना होस्टिंगपासून मागे या

लोक भाषेपासून सुरू करतात. तुम्ही क्लायंटच्या होस्टिंगपासून करा. सीपॅनेलवालं (ब्राउझरमधून सांभाळायचं) स्वस्त शेअर्ड होस्टिंग आधीच घेतलेलं असेल, तर पीएचपीच बरं: कोडइग्नायटर किंवा लाराव्हेल. कोडइग्नायटर २००६ चं, हलकं आणि शिकायला सोपं. लाराव्हेल २०११ चं, त्यात रांगा (मागे सावकाश करायची कामं), ईमेल, मायग्रेशन सगळं आलं, पण पसारा मोठा. अशा होस्टिंगवर पायथन बसवायचा खटाटोप करू नका, मी एकदा केला आहे.

स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा, पण पूर्ण ताबा असलेला सर्व्हर) असेल आणि काम नोंदी-याद्यांचं असेल, तर जॅंगो. त्याचा तयार ॲडमिन (नोंदी बघायचा-बदलायचा भाग) माझ्या अकरापैकी आठ पडदे जवळजवळ फुकट देतो. अगदीच छोटं काम असेल, तर फ्लास्क हे पायथनमधलंच छोटं फ्रेमवर्क चालतं. ते २०१० मध्ये एप्रिल फूलच्या थट्टेतून निघालं, आणि थट्टा अजून टिकून आहे. पण फ्लास्कमध्ये लॉगिन, ॲडमिन, मायग्रेशन एकेक पॅकेज जोडत जावं लागतं, आणि जोडता जोडता तुम्ही नकळत पुन्हा स्वतःचंच फ्रेमवर्क बांधायला लागता.

हिशेब, साठा, मंजुऱ्या असं कार्यालयीन काम असेल, तर मुंबईचं फ्रॅपे बघा. ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर त्याच्यावरच उभं आहे. त्यात 'डॉकटाइप' म्हणून एक कल्पना आहे: पावतीत काय काय असतं ते एका पडद्यावर मांडलं की टेबल, फॉर्म, यादी आणि परवानग्या त्यातूनच तयार होतात. झटपट म्हणावं ते हे. पण त्याचा संसार मोठा आहे: मारियाडीबी, रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारं साधन), मागे चालणाऱ्या प्रक्रिया, आणि विंडोजवर थेट बसत नाही.

मग आधाराचा काळ बघा. जॅंगोच्या एलटीएस (लांब आधाराच्या) आवृत्तीला तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, ५.२ ही एप्रिल २०२५ मध्ये आली. लाराव्हेलच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला दोन वर्षं. म्हणजे क्लायंटला सांगायचं की दर दोन-तीन वर्षांनी अपग्रेडचा खर्च येणार, आणि ते पहिल्या कोटेशनमध्येच लिहायचं. नंतर मागितलेले पैसे कोणी देत नाही.

परवाना, म्हणजे तो कोड कुठल्या अटींवर वापरता येतो ते, दोन मिनिटांत बघून होतो. जॅंगो बीएसडी, लाराव्हेल, रेल्स आणि फ्रॅपे फ्रेमवर्क एमआयटी, दोन्ही सैल परवाने. ईआरपीनेक्स्ट मात्र जीपीएल आहे. त्यात बदल करून तो कोड पुढे वाटणार असाल, तर सोर्सही त्याच परवान्यावर द्यायची त्याची अट वाचा.

शेवटी दोन नावं उरली, की दोन्हींत एकच पडदा करून बघा: नवीन बुकिंग, पावतीसकट. यूट्यूबवरचा नमुना नको, तुमचाच पडदा. कुठे अडलात ते लिहून ठेवा.

७. स्वतःचं लिहायची खाज इथे भागवा

तयार फ्रेमवर्क घेतलं म्हणजे आपण आयत्या बिळावरचे नागोबा झालो, असं मला बरेच दिवस वाटायचं. तसं नसतं. त्यावर तुमचा पातळ थर येतोच: देवनागरी अंक बदलणारं फंक्शन, ऱ एकरूप करणारं फंक्शन, रक्कम अक्षरी लिहिणारं (मराठीत शंभरपर्यंतचा प्रत्येक आकडा वेगळा शब्द आहे, यादीच करावी लागते), जीएसटीची पावती, लाख-कोटींचे स्वल्पविराम. हे सगळं एका वेगळ्या पॅकेजात ठेवा आणि प्रत्येक कामात तेच बसवा. माझं असं पॅकेज आज साधारण नऊशे ओळींचं आहे.

एक लक्ष्मणरेषा: फ्रेमवर्कच्या स्वतःच्या फाइलींना हात लावायचा नाही. व्हेंडर फोल्डरमध्ये (बाहेरची पॅकेजं जिथे बसतात तिथे) जाऊन 'एकच ओळ' बदललीत, की पुढच्या अपडेटला ती पुसली जाते, किंवा ती पुसली जाईल या भीतीने तुम्ही अपडेटच करत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट.

आणि खरंच फ्रेमवर्क व्हायचं असेल, तर ते या थरातूनच होतं. रेल्स हे बेसकॅम्प या कामं सांभाळायच्या चालत्या उत्पादनातून काढून २००४ मध्ये लोकांपुढे आलं. जॅंगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या गावच्या वर्तमानपत्रात जन्मलं. तिथे बातमीबरोबर तासाभरात पान हवं असायचं. २००३ मध्ये त्यांनी आपल्या गरजेपुरतं लिहायला घेतलं, आणि दोन वर्षं वापरून झाल्यावर, जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. दोन्हीकडे आधी काम उभं होतं. मी उलट केलं: आधी फ्रेमवर्क, मग त्यात बसणारी कामं शोधत फिरलो.

८. सुपूर्द करताना द्यायची कागदपत्रं

- कोडचं गिट भांडार, क्लायंटच्या खात्यात
- डोमेन आणि होस्टिंगची खाती क्लायंटच्याच नावावर आणि ईमेलवर (डेव्हलपरच्या नावावरचं डोमेन हे भांडणाचं हमखास मूळ)
- कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती आहे ती लॉक फाइल
- पासवर्ड वगळून सेटिंग्जची नमुना फाइल
- बॅकअप कसा घ्यायचा आणि परत कसा चढवायचा, हे एका पानावर मराठीत
- पुढचं अपग्रेड कधी करायचं ती तारीख

बॅकअप परत चढवून बघितलेला नसेल, तर तो बॅकअप धरू नका.

९. घरचं फ्रेमवर्क आधीच गळ्यात असेल तर

सगळं एकदम नव्याने लिहायला घेऊ नका. मी घेतलं होतं, चार महिन्यांनी सोडून दिलं. दुसऱ्या खेपेला असं केलं: आधी जुनी फंक्शनं बदलून पीडीओवर (डेटाबेसशी बोलायच्या पीएचपीच्या नव्या सोयीवर) आणली, म्हणजे जुनं निदान उभं राहिलं. मग शेजारीच जॅंगो बसवलं, त्याच डेटाबेसवर. असलेल्या टेबलांवरून मॉडेलं (टेबलांचं कोडमधलं रूप) बनवून देणारी आज्ञा त्यात आहे. पहिल्याच दिवशी मालकांना ॲडमिनमध्ये सगळ्या पावत्या दिसल्या. पासवर्ड तसेच उचलले नाहीत, सगळ्यांना नवे करायला लावले. एमडी५ पुढे नेण्यात अर्थ नव्हता. मग एकेक पडदा हलवला: आधी अहवाल, कारण ते नुसते वाचतात, मग शोध, आणि बुकिंग सगळ्यात शेवटी, लग्नसराई नसताना. जुना पत्ता उघडला की वेब सर्व्हर आपोआप नव्याकडे वळवायचा, त्यामुळे कारकुनाला फक्त बटणांचा रंग बदललेला दिसला.

जुना कोड लगेच पुसू नका. फक्त वाचता येईल असा वेगळ्या पत्त्यावर वर्षभर ठेवा. आमच्याकडे सातव्या महिन्यात एका पार्टीने २०१४ च्या लग्नाची डिपॉझिटची पावती मागितली, आणि ती त्या जुन्या पडद्यावरूनच छापून दिली.